वाढली

मेहरुनबी मणियारीण उंबऱ्याशी टोपली टेकवते,
डावा हात आधी भरते: हिरव्या, दोन-सहाच्या, आठ.
मग उजवा धरते, आणि थांबते.
तिचा अंगठा मनगटात रुततो,
काढल्यावर खळगा तसाच राहतो,
मळलेल्या कणकेत राहावा तसा.

"दोन-दहा बघ," मी म्हणते.
साबण लावते ती, पिशवी चढवते बोटांवर, दाबते,
हाडाशी येऊन कट्.

फुटली म्हणायचं नाही.
वाढली म्हणायचं.
"वाढली गं," मेहरुनबीसुद्धा म्हणते
आणि तुकडे वेचते.
वाढलेलीचे पैसे धरत नाही ती.

हातही वाढलाय, मेहरुनबी.
त्याचं काय धरायचं?

बार्शीला पंचवीस शेक झाले.
मला शेक माहीत होता तो अम्माचा:
तव्यावर खडेमीठ, जुन्या टॉवेलची पुरचुंडी,
"सोसतंय का?" असं दर वेळी विचारून.
इथं दार लावून सगळे बाहेर जायचे.
काही दिसायचं नाही, काही लागायचं नाही,
परतीच्या एस्टीत वैराग येईपर्यंत
उजव्या काखेत वैशाख भरलेला असायचा.

तेही सोसलं. केस आले. कार्डावर परत नाव चढलं.
दोन वर्षांनी, विडीचं पान कापताना,
कात्रीत अंगठा अडकला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काखेतल्या गाठी काढल्या,
उरल्या वाटा शेकानं आखडल्या,
पाण्याला जायला जागा नाही.
मी हसले.
पाच दिवसांनी नळ येतो आमच्या घरकुलात,
आणि पाणी साठतंय कुठं, तर माझ्या हातात.

सुई टोचून घेऊ नका. कळशी उचलू नका.
चटका नको, चिमटा नको,
प्रेशर मोजायचं तर दुसऱ्या हातावर.
चाळीस वर्षांत कुणी इतकं जपायला सांगितलं नव्हतं.
हजारावरून सहाशेवर आले मी.
त्यातल्या साठ-सत्तर छाटीत जातात,
मुकादम ढिली म्हणून टाकतो.

हळदीकुंकवाला गुज्जेवारांची सून
माझ्या मोकळ्या मनगटाकडे बघते,
मग कपाळाकडे, मग परत मनगटाकडे.
मी डाव्या हातानं वाण घेते.
काकणं वाजवून घेते जरा.

पट्ट्या मल्लेशम बांधतो.
पहिल्यांदा वर आवळल्या, खाली सैल ठेवल्या,
सकाळी बोटं जांभळी.
सिस्टर त्याला फाडफाड बोलली.
तो ऐकत होता, पायाकडे बघत,
एकदम म्हणाला, "म्हणजे ताण बोटाला जास्त,
वर जाताना सोडत सोडत."
एकतीस वर्षं बीम भरलेत त्यानं,
एका धाग्याचा ताण चुकला तर चादरीत कुठं दिसतो
ते त्याला झोपेत कळतं.

आता रात्रपाळीला जायच्या आधी
दिव्याखाली मला बसवतो.
आधी कापूस, मग बोटं एकेक, मग तळवा, मनगट.
छातीकडे अजून बघत नाही.
हाताकडे असा बघतो,
की माझंच मला कोपरापाशी अवघडायला होतं.
शिंप्याची टेप लावतो, आकडा
विडीच्या वहीत मागल्या पानावर लिहितो.
कधी अर्धा इंच उतरतो. कधी चढतो.
उतरला तरी बोलत नाही. नुसता बीमवाल्यासारखा
एकदा थोपटून बघतो.

उरलेल्या सात मेहरुनबी कागदात बांधून ठेवून गेली.
"उतरला की घाल."
फळीवर आहेत, पिठाच्या डब्यामागं.

पट्ट्यांच्या आधी जेवण.
याच हातानं वाढते मी.
जड आहे, पण भाकरीचं वजन ते काय.
आमटी, शेंगाचटणी, वर तेल.
मल्लेशम ताटावर आडवा हात धरतो:
"चालु, चालु."
आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मी मराठीत ऐकते,
आणखी एक वाढते.